सल्ला : विचारणे, ऐकणे आणि उत्तर देणे
(भाषा आणि संस्कृती : निर्णयप्रक्रियेतील भाषाव्यवहार)

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• सल्ल्याशी संबंधित मराठी शब्दांच्या अर्थछटा वेगळ्या करून सांगता येतील.
• ‘विचारणे’ आणि ‘ऐकणे’ या क्रियापदांच्या दुहेरी अर्थांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• सल्ला स्वीकारण्याच्या रीतींत संस्कृतीनुसार कोणता फरक पडतो आणि कोणता पडत नाही, हे सांगता येईल.
• ऐतिहासिक व दैनंदिन प्रसंगांतील सल्ल्याच्या भाषेचे विश्लेषण करता येईल.

२. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्याचे ठरवले तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांनी कोणाला तरी विचारले असेल. कोणी वडिलांना, कोणी पतीला किंवा पत्नीला, कोणी सासूबाईंना, तर कोणी कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांना. ‘या वयात शिकून काय करणार?’ असेही काहींना ऐकावे लागले असेल. तरीही हे पुस्तक आज तुमच्या हातात आहे. म्हणजे तुम्ही विचारले, ऐकले आणि शेवटी स्वतःचे ठरवले. या तीन क्रियांमधील नाते हाच प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

भारतीय माणूस चार लोकांना विचारून वागतो आणि पाश्चात्त्य माणूस स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेतो, असे विधान आपण वारंवार ऐकतो. कधी ते आपल्या कौतुकासाठी केले जाते, कधी आपल्याला कमी लेखण्यासाठी. हे विधान अर्धेच खरे आहे. निर्णय घेताना आपल्या मताला चिकटून राहण्याची प्रवृत्ती जगभर आढळते. संस्कृतीनुसार मोठा फरक पडतो तो अन्यत्र : कोणाला विचारणे बंधनकारक मानले जाते, सल्ला कोणत्या शब्दांत दिला जातो आणि तो मानला नाही तर नात्याचे काय होते, या तीन गोष्टींत. हे तिन्ही भाषेतून घडते. म्हणून हा विषय मानसशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

३. विषय-विवेचन

३.१ सल्ल्याची शब्दकुळी

मराठीत सल्ल्यासाठी एकच शब्द नाही. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ हे दोन्ही शब्द फारसीमार्फत अरबीतून आले आहेत आणि दोहोंचे मूळ एकच आहे. भले असणे, योग्य असणे, समेट होणे अशा अर्थांचे ते मूळ आहे. मात्र मराठीत त्यांचे अर्थ वेगळे झाले. सल्ला एकाने दुसऱ्याला द्यायचा असतो. मसलत अनेकांनी मिळून करायची असते. ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात या दोन्ही क्रिया एकत्र येतात.

‘उपदेश’ हा संस्कृत शब्द. दिशा दाखवणे हा अर्थ त्याच्या धातूतच आहे. उपदेश करणारा उंचीवर असतो आणि ऐकणारा खाली. म्हणूनच ‘उपदेशाचे डोस पाजणे’ असा उपहासही रूढ झाला. ‘सूचना’ या शब्दाला कार्यालयीन वळण लागले आहे. वरिष्ठाची सूचना ही बहुधा आज्ञाच असते, कनिष्ठाची सूचना मात्र विचारार्थ ठेवली जाते. ‘कानमंत्र’ खासगी असतो. ‘रदबदली’ म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली विनवणी. तीत सल्लाही असतो आणि स्वतःची पतही पणाला लावलेली असते. ‘कौल’ हा अरबी मूळाचा शब्द वचन, अभय आणि देवाचा निर्णय अशा अर्थांनी वापरला गेला; आज तो निवडणुकीतील जनमतासाठीही वापरला जातो.

या शब्दकुळीतून एक गोष्ट ध्यानात येते. मराठी भाषा सल्ल्याचे वर्गीकरण त्यातील माहितीवरून करत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या नात्याने सांगितले, यावरून करते. ‘कर्ज काढू नकोस’ हे एकच वाक्य मित्राने म्हटले तर सल्ला, गुरूने म्हटले तर उपदेश आणि वडिलांनी म्हटले तर आज्ञा ठरू शकते.

३.२ ‘विचारणे’ आणि ‘ऐकणे’

आता दोन साध्या क्रियापदांकडे पाहू. ‘विचार’ हा संस्कृत शब्द मनन, चिंतन या अर्थाचा आहे. हिंदीतील ‘विचारना’ आणि गुजरातीतील ‘विचारवुं’ या क्रियापदांचा अर्थ विचार करणे असाच आहे. मराठीत मात्र ‘विचारणे’ म्हणजे प्रश्न करणे. जुन्या मराठीत या अर्थी ‘पुसणे’ हे क्रियापद प्रचलित होते आणि काही बोलींत ते आजही आहे. प्रमाण मराठीत ही जागा ‘विचारणे’ने घेतली. मनाशी करायचा तो विचार आणि दुसऱ्याला करायची ती विचारणा, ही दोन्ही कामे मराठी माणूस एकाच शब्दाच्या आधारे करतो.

या क्रियापदाला आणखी एक अर्थ आहे. ‘मला या घरात विचारतो कोण?’ या वाक्यातील तक्रार प्रश्न न विचारल्याची नसते. किंमत न दिल्याची असते. ‘त्या लग्नात आम्हाला कोणी विचारलं नाही’ यातही हाच अर्थ आहे. विचारणे म्हणजे दखल घेणे, मान देणे. म्हणून मराठी समाजात एखाद्याला सल्ला विचारणे ही एकाच वेळी दोन कामे असतात : माहिती मिळवणे आणि मान देणे. पुष्कळदा पहिले काम झालेले असते, तरीही दुसऱ्यासाठी विचारावे लागते. मुलीचे स्थळ घरात पसंत पडलेले असते, तरी थोरल्या काकांना विचारल्याशिवाय होकार कळवला जात नाही. काकांकडे वेगळी माहिती असते असे नाही. न विचारल्यास त्यांचे स्थान नाकारले जाते, म्हणून विचारायचे.

‘ऐकणे’ या क्रियापदाचेही दोन अर्थ आहेत. ‘मी त्याचं बोलणं ऐकलं’ यात ते श्रवण आहे. ‘तो कोणाचं ऐकत नाही’ यात ते आज्ञापालन आहे. आता ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण पुन्हा वाचा. ती या दोन अर्थांना एकमेकांपासून अलग करते. लोकांचे श्रवण करावे, पालन मात्र स्वतःच्या मनाचे करावे. ज्या समाजाला आपण परमतावर चालणारा म्हणतो, त्या समाजाची ही सर्वपरिचित म्हण आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तिच्या जोडीला ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हणही आहेच. भाषा दोन्ही बाजू सांभाळून ठेवते. कोणती म्हण केव्हा उपयोगात आणायची, हे बोलणाऱ्यावर सोडते.

३.३ सल्ल्याचे व्याकरण

मराठीत थेट सल्ला आज्ञार्थाने देता येतो : ‘डॉक्टरांकडे जा.’ परंतु वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीला असे सांगणे उद्धट ठरते. तेथे विध्यर्थ उपयोगी पडतो : ‘डॉक्टरांकडे जावे.’ विध्यर्थाचे ‘-आवे’ हे रूप सल्ला, कर्तव्य, इच्छा, विनंती आणि सौम्य आज्ञा असे अनेक अर्थ वाहून नेते. ‘उद्या सकाळी यावे’ हे निमंत्रण आहे की हुकूम, हे केवळ वाक्यावरून ठरत नाही. ही संदिग्धता म्हणजे भाषेचा दोष मानू नये. सांगणाऱ्याला सांगता यावे आणि ऐकणाऱ्याला नाकारण्याची वाट उरावी, यासाठी केलेली ती सोय आहे.

याशिवाय ‘गेलेलं बरं’, ‘गेलात तर बरं होईल’, ‘मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो’, ‘बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा’ अशी वळणे आहेत. क्रमाक्रमाने सल्ला देणारा मागे सरतो आणि निर्णयाचा भार ऐकणाऱ्याकडे जातो.

भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर पुढील संवाद होऊ शकेल, अशी कल्पना करा :

पुतण्या : तात्या, औंदा वढ्याकडच्या वावरात सोयाबीन टाकावं म्हणतो. तुम्हाला काय वाटतं?
तात्या : टाक की. रान तुझं, तू जाणता हाईस. आमच्या वेळी त्या वावरात पाणी साठायचं, एवढं खरं.

वरवर पाहता तात्यांनी संमती दिली आहे. पहिली दोन वाक्ये पुतण्याचा अधिकार मान्य करतात. खरा सल्ला तिसऱ्या वाक्यात आहे आणि तो सल्ल्याच्या रूपात नाहीच; ती भूतकाळातील एक आठवण आहे. साठलेल्या पाण्यात सोयाबीनचे पीक टिकणार नाही, हे तात्यांनी सांगितलेले नाही, सुचवले आहे. शेवटचे ‘एवढं खरं’ हे शब्द त्या आठवणीवर बोट ठेवतात. पुतण्यानेही ‘टाकावं म्हणतो’ अशी रचना वापरली आहे. ‘टाकणार आहे’ असे म्हटले असते तर विचारण्याला अर्थ उरला नसता. निर्णय अजून पक्का झालेला नाही, असे दाखवून त्याने तात्यांसाठी जागा मोकळी ठेवली.

आता असा विचार करा, की पुतण्या शहरात वाढला आहे आणि हे वळण त्याच्या परिचयाचे नाही. तो ‘टाक की’ एवढेच ऐकेल. पीक गेल्यावर ‘तुम्हीच तर हो म्हणालात’ असे म्हणेल, आणि तात्या म्हणतील, ‘मी सांगितलं होतं.’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. सल्ला दिला गेला होता. तो पोचला नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) ‘मला विचारतो कोण?’ या वाक्यात ‘विचारणे’चा कोणता अर्थ आहे?
आ) वरील संवादात तात्यांचा खरा सल्ला कोणत्या वाक्यात आहे? तो कोणत्या रूपात आला आहे?

३.४ सल्ल्याचे वजन : संशोधन काय सांगते?

सल्ला माणसाचे मत किती बदलतो, हे मोजण्याची एक पद्धत गेल्या काही दशकांत विकसित झाली आहे. आधी व्यक्तीला स्वतःचा अंदाज विचारतात, नंतर दुसऱ्याचा अंदाज सांगतात आणि मग अंतिम अंदाज घेतात. समजा, एका वावरात भाताची २० पोती होतील असा तुमचा अंदाज आहे. जाणकार शेजारी म्हणाले, ३० होतील. तुम्ही विचार करून २३ हा आकडा सांगितला. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंदाजात १० पोत्यांचे अंतर होते. त्यापैकी तुम्ही ३ पोती सरकलात. म्हणजे सल्ल्याला तुम्ही ०.३ इतके वजन दिले. दोन्ही मते समान मानली असती तर वजन ०.५ झाले असते.

नायजेल हार्वे आणि इलान फिशर यांनी १९९७ मध्ये आणि इलान यानिव व एली क्लाइनबर्गर यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून एक प्रवृत्ती पुढे आली : माणसे सल्ला घेतात, पण त्याला त्याच्या योग्यतेपेक्षा कमी वजन देतात. यानिव यांनी याचे एक कारण सुचवले. आपल्या मतामागची कारणे आपल्याला ठाऊक असतात. दुसऱ्याच्या मतामागची कारणे आपल्याला दिसत नाहीत. म्हणून आपले मत भक्कम वाटते.

भाषेच्या अभ्यासकाने हे कारण जपून ठेवावे. कारण दिसत नाही म्हणून सल्ला हलका होतो, असे असेल तर कारण बोलून दाखवणे हे सल्ल्याचे वजन वाढवण्याचे साधन ठरते. तात्यांनी पाणी साठण्याची आठवण सांगितली, तेव्हा त्यांनी निष्कर्ष झाकला पण कारण दिले. हा सल्ला ‘सोयाबीन टाकू नकोस’ या नुसत्या आज्ञेपेक्षा अधिक उपयोगी आहे. अट एवढीच, की ऐकणाऱ्याने ते कारण ओळखले पाहिजे.

३.५ संस्कृतीनुसार काय बदलते?

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. रेषांची लांबी ओळखण्याच्या सोप्या कामात गटातील इतरांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा सहभागी व्यक्तीनेही त्यांचीच री ओढली. रॉड बाँड आणि पीटर स्मिथ यांनी १९९६ मध्ये १७ देशांतील अशा १३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. समूहाला महत्त्व देणाऱ्या संस्कृतींत हे प्रमाण अधिक आढळले. त्याच आढाव्यात असेही दिसले, की अमेरिकेत हे प्रमाण १९५० च्या दशकानंतर घटत गेले. म्हणजे संस्कृतीचा प्रभाव आहे, पण संस्कृती स्थिर नाही.

गटाची री ओढणे आणि सल्ला घेणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सल्ल्याच्या संदर्भात भारताविषयीचा एक अभ्यास अधिक उपयुक्त आहे. सवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भारत आणि अमेरिका येथील लोकांकडून असे प्रसंग गोळा केले, ज्यांत एकाने दुसऱ्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. भारतातील प्रसंगांत समोरच्याच्या भल्यासाठी सांगितलेले प्रमाण कितीतरी अधिक होते, आणि ऐकल्यामुळे नाते सुधारल्याचा अनुभवही अधिक होता. तथापि, ऐकायचे की नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्य भारतीयांना अमेरिकनांपेक्षा कमी वाटत होते, असे आढळले नाही. त्यांना सांगणाऱ्याच्या मनाची काळजी अधिक वाटत होती, एवढेच. ‘त्यांना काय वाटेल?’ हा आपल्या बोलण्यात वारंवार येणारा प्रश्न येथे आठवावा.

सल्ला देण्याच्या रीतीही भिन्न असतात. चेंत्सोवा-डटन आणि वॉन यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार रशियन लोक अमेरिकनांपेक्षा अधिक प्रमाणात सल्ला देतात. न मागता दिलेला सल्ला एका समाजात आपुलकीची खूण ठरतो, तर दुसऱ्यात खासगी गोष्टीतील ढवळाढवळ. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आजी नातसुनेला बाळाच्या अंघोळीविषयी चार गोष्टी सांगते, तेव्हा कित्येकदा हेच दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात.

अखेरीस, २०२५ मध्ये १२ देशांतील साडेतीन हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या शहरांतील रहिवासी होते, तसेच ॲमेझॉनच्या खोऱ्यातील आदिवासी समूहही होते. कठीण निर्णय कसा घ्याल, या प्रश्नावर स्वतःच्या अंतःप्रेरणेचा किंवा स्वतःच्या विचाराचा आधार घेण्याकडेच सर्वत्र अधिक कल दिसला. मित्रांचा सल्ला किंवा अनेकांचे मत यांना त्यामागे स्थान होते. व्यक्तिस्वातंत्र्यावर भर देणाऱ्या समाजांत हा कल अधिक तीव्र होता, इतकाच भेद. ‘करावे मनाचे’ ही केवळ मराठी वृत्ती नाही, असा याचा अर्थ होतो.

हे सर्व निष्कर्ष सरासरीचे आहेत, हे विसरू नये. एकाच तालुक्यात, एकाच घरातही सल्ल्याला दिले जाणारे वजन व्यक्तीनुसार आणि प्रसंगानुसार बदलते.

३.६ राजगडावरील सल्ला : इ. स. १६५९

आतापर्यंतच्या विवेचनाची कसोटी आपण भोर-वेल्हे परिसरातीलच एका ऐतिहासिक प्रसंगावर घेऊ. कारी हे भोर तालुक्यातील गाव जेधे देशमुखांचे. या घराण्याची हकीकत ‘जेधे करीना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कागदात आली आहे. अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना आदिलशाही फर्माने आली : खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. जून १६५९ मधील असे फर्मान कान्होजी जेधे यांनाही आले. ते घेऊन कान्होजी आपल्या पाच मुलांसह राजगडावर महाराजांकडे गेले.

करीन्यातील हकीकतीनुसार महाराजांनी त्यांना सांगितले, की शेजारचे खोपडे खानाकडे गेले आहेत. तुम्हीही जावे, अन्यथा वतन धोक्यात येईल. हा सल्ला महाराजांच्या स्वतःच्या हिताविरुद्ध होता. कान्होजींनी तो मानला नाही. शहाजीराजांना दिलेल्या शब्दाचे कारण त्यांनी पुढे केले आणि वतनावर उदक सोडले. त्यानंतर महाराजांनी त्यांच्यावर मोठी जबाबदारी टाकली : मावळातील इतर देशमुखांना एकत्र करण्याची.

येथे सल्ला माहितीसाठी नव्हता. वतन जाईल हे कान्होजींना फर्मानातूनच कळले होते. महाराजांनी जाण्याची वाट मोकळी करून दिली, त्यामुळे राहण्याचा निर्णय कान्होजींचा स्वतःचा झाला. सल्ला नाकारला गेला आणि नाते दृढ झाले. ते का झाले? कान्होजींनी नुसता नकार दिला नाही. त्यामागचे कारण सांगितले.

याच हकीकतीत पुढे उलट दिशेचा प्रसंग आहे. अफझलखानाच्या पराभवानंतर खंडोजी खोपडे याला अभय मिळावे, म्हणून कान्होजींनी रदबदली केली. महाराजांनी त्याचा जीव राखला, परंतु एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. आपला शब्द राहिला नाही, याची खंत कान्होजींना वाटली. तेव्हा महाराजांनी त्यांना आपल्या निर्णयाचा अर्थ समजावून सांगितला : तुमच्या शब्दासाठीच प्राण वाचवले, अपराधाची शिक्षा मात्र दिली. राजाला स्पष्टीकरण देण्याचे बंधन नव्हते. तरीही ते दिले गेले आणि त्याची नोंद जेधे घराण्याने जपून ठेवली.

दोन्ही प्रसंगांत सल्ला किंवा विनंती पूर्णपणे मानली गेली नाही. दोन्हींत तिला उत्तर मात्र मिळाले. सल्ल्याचा मान राखणे म्हणजे तो पाळणे नव्हे, त्याला उत्तर देणे होय, असे या हकीकतीवरून म्हणता येते. ‘ऐकावे जनाचे’ आणि ‘करावे मनाचे’ यांच्यामध्ये ‘सांगावे कारण’ ही न उच्चारलेली पायरी आहे.

३.७ न मागितलेल्या सल्ल्याला उत्तर : इ. स. १८८३

दुसरे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्याचा त्यांचा निश्चय जाहीर झाला, तेव्हा चोहोबाजूंनी आक्षेप आणि सल्ले येऊ लागले. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. त्या वेळी त्यांचे वय १७ वर्षांचे होते. लोक आपल्याला जे विचारतात, त्याची त्यांनी सहा प्रश्नांत मांडणी केली आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का जायचे, भारतात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीने का जायचे, परतल्यावर समाज बहिष्कार घालणार नाही काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते.

भाषेच्या दृष्टीने आनंदीबाईंनी काय केले ते पाहा. ‘जाऊ नये’ हा निषेध त्यांनी ‘का जायचे?’ या प्रश्नात रूपांतरित केला. निषेधासमोर दोनच पर्याय असतात : मान्य करणे किंवा मोडणे. प्रश्नासमोर तिसरा पर्याय खुला होतो : उत्तर देणे. त्यांनी समाजाचे म्हणणे ऐकले आणि निर्णय स्वतःचा घेतला. एप्रिल १८८३ मध्ये त्या कोलकात्याहून निघाल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली.

३.८ ज्यांना विचारले जात नाही

कान्होजी देशमुख होते. त्यांच्या शब्दाला पत होती. आनंदीबाईंच्या पाठीशी पती गोपाळराव होते आणि व्यासपीठ उपलब्ध झाले होते. उत्तर देण्याची संधी सर्वांना सारखी मिळत नाही. विचारणे म्हणजे मान देणे असेल, तर न विचारणे म्हणजे मान नाकारणे ठरते. घरातील सून, धाकटा भाऊ, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर यांना किती निर्णयांत विचारले जाते? ज्या वावराचा निर्णय तात्या आणि पुतण्या घेतात, त्या वावरात खुरपणी करणाऱ्या बाईला पाणी नेमके कोठे साठते, हे कदाचित दोघांपेक्षा अधिक ठाऊक असेल. तिला न विचारण्याने तिचा मान जातोच. शिवाय निर्णयही कमकुवत होतो.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. परंतु सभेतील भाषा अधिनियमाने बदलत नाही. ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असा प्रश्न विचारला जातो आणि शांतता म्हणजे होकार धरला जातो. या प्रश्नाची रचनाच अशी आहे, की होकारासाठी काही बोलावे लागत नाही आणि नकारासाठी मात्र सर्वांसमोर उभे राहावे लागते. ‘तुमचे काय मत आहे?’ हा प्रश्न नाव घेऊन विचारणे आणि ‘मान्य आहे ना?’ असे सभेला विचारणे, यांत विचारण्याचे दोन भिन्न अर्थ आहेत. पहिल्यात विचार आहे. दुसऱ्यात केवळ उपचार.

हीच बाब रुग्णालयात दिसते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही घेताना ‘काही शंका?’ असे विचारले जाते. डॉक्टरांना प्रश्न करणे म्हणजे त्यांचा अवमान, असे मानणारा रुग्ण मान हलवतो. डॉक्टरांना तो होकार वाटतो; रुग्णाच्या दृष्टीने तो नमस्कार असतो. अशा ठिकाणी भाषेची जाण हा चैनीचा विषय राहत नाही. ‘मला काय कळलं ते सांगते, चुकलं तर सांगा’ एवढे एक वाक्य मान राखूनही प्रश्नाला जागा करून देते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) सल्ल्याला कमी वजन दिले जाण्याचे कोणते कारण यानिव यांनी सुचवले?
आ) कान्होजींनी सल्ला नाकारूनही नाते का तुटले नाही?

४. सारांश

सल्ला ही केवळ माहितीची देवाणघेवाण नसून नात्याची कृती आहे. मराठीत ‘विचारणे’ या क्रियापदात प्रश्न करणे आणि मान देणे हे दोन्ही अर्थ आहेत; ‘ऐकणे’ या क्रियापदात श्रवण आणि पालन हे दोन्ही अर्थ आहेत. स्वतःच्या मताला झुकते माप देण्याची प्रवृत्ती अनेक संस्कृतींत आढळते. भेद पडतो तो विचारण्याच्या बंधनात, सल्ल्याच्या शब्दरचनेत आणि नात्यावरील परिणामात. सल्ला पाळला नाही तरी त्याला कारणासह उत्तर देऊन नाते राखता येते, हे १६५९ आणि १८८३ मधील उदाहरणांतून दिसते. मात्र विचारले जाणे आणि उत्तर देता येणे हे अधिकार समाजात समान वाटलेले नाहीत. म्हणून कोणताही निर्णय अभ्यासताना ‘कोणाला विचारले?’ या प्रश्नासोबत ‘कोणाला विचारले नाही?’ हाही प्रश्न विचारावा.

५. शब्दार्थ

रदबदली : दुसऱ्याच्या वतीने केलेली विनवणी, मध्यस्थी
उदक सोडणे : पाणी सोडून हक्काचा त्याग करणे
करीना : हकीकत, घराण्याचा वृत्तांत
विध्यर्थ : क्रियापदाचा ‘-आवे’ प्रत्ययाने दर्शवला जाणारा अर्थ
री ओढणे : दुसऱ्याच्या म्हणण्याला साथ देणे

६. स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) दखल घेणे, मान देणे. आ) तिसऱ्या वाक्यात, भूतकाळातील आठवणीच्या रूपात.
प्रश्न २ : अ) स्वतःच्या मतामागची कारणे ठाऊक असतात, दुसऱ्याच्या मतामागची दिसत नाहीत. आ) नकारासोबत त्यांनी त्याचे कारण सांगितले.

७. सरावासाठी स्वाध्याय

१. ‘सल्ला’, ‘उपदेश’, ‘सूचना’ आणि ‘मसलत’ या शब्दांतील अर्थभेद उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ या म्हणीचे भाषिक विश्लेषण करा.
३. आनंदीबाई जोशी यांनी निषेधाचे रूपांतर प्रश्नात केले, या विधानाची चर्चा करा.

८. क्षेत्रीय कार्य

तुमच्या घरात किंवा गावात गेल्या वर्षभरात झालेला एक निर्णय निवडा : पीक, घरबांधणी, शिक्षण, लग्न किंवा उपचार यांपैकी कोणताही. त्यात कोणाकोणाला विचारले गेले, कोणत्या शब्दांत, आणि त्यांनी काय उत्तर दिले, हे त्यांच्याच बोलीत लिहून काढा. नंतर ज्या व्यक्तीला विचारले गेले नव्हते, अशा एका व्यक्तीकडे जा आणि तिचे मत विचारा. ती जे सांगेल त्यात निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक नसलेले काही होते का, ते नोंदवा. व्यक्तींची खरी नावे लिहू नका. शब्दमर्यादा : ५०० शब्द.